एकेका टकरीचा हिशेब

पाण्याच्या रेणूवर ऑक्सिजनचा एक उत्तेजित अणू येऊन आदळतो आणि दोन हायड्रॉक्सिल तयार होतात. दोघांतही एक ऑक्सिजन, एक हायड्रोजन. फळ्यावर '२ ओएच' लिहिले की आपले काम झाले. दोघांत फरक करायचा प्रश्नच येत नाही. पण जरा विचार केला तर फरक आहे. एका ओएचमधला बंध आधीपासून होता, पाण्याच्या रेणूतून तो तसाच उरला. दुसऱ्यातला बंध आत्ता, या टकरीत जुळला. या अभिक्रियेत मोलमागे सुमारे १२० किलोजूल ऊर्जा मोकळी होते. ती दोघे सारखी वाटून घेतात, की एकाला झुकते माप मिळते?

१९८० च्या दशकात संशोधकांनी याचे उत्तर काढले ते पाणी बदलून. नेहमीच्या ऑक्सिजन-१६ ऐवजी ऑक्सिजन-१८ असलेले पाणी घेतले. आदळणारा अणू मात्र १६ चाच ठेवला. त्यामुळे जुना ओएच थोडा जड झाला, नवा हलका राहिला. वस्तुमानातला एवढासा फरकही वर्णपटात उमटतो, दोघांच्या रेषा एकमेकींपासून किंचित सरकतात. लेसरची तरंगलांबी तेवढीच सरकवली की कधी या ओएचला गाठता येते, कधी त्या ओएचला. निकाल अगदी स्वच्छ आला. नवा ओएच जोराने कंप पावत आणि गरगर फिरत बाहेर पडतो. जुना मात्र बहुतांशी कंपनाच्या तळच्या पातळीवरच असतो. शेजारी एवढी उलथापालथ झाली, तरी त्याच्या वाट्याला कंपन जवळजवळ आलेच नाही.

ही अभिक्रिया कुठल्या कोपऱ्यातली नाही. सूर्यप्रकाशातला अतिनील भाग ओझोनला फोडतो, त्यातून हा उत्तेजित ऑक्सिजन सुटतो आणि हवेतल्या बाष्पावर आदळतो. खालच्या वातावरणातही अशा रीतीने पुरेसे ओएच तयार होत असणार, असे हायरम लेव्ही यांनी १९७१ साली मांडले. दिवसाउजेडीसुद्धा हवेच्या दहा लाख कोटी रेणूंमागे ओएच एखादाच सापडतो. पण मिथेन, कार्बन मोनॉक्साइड आणि असे कितीतरी वायू हवेत साचून राहत नाहीत, ते या एखाद्यामुळेच. तो कसा जन्मतो आणि जन्मताना अंगात किती ऊर्जा घेऊन येतो, हे जाणून घ्यावेसे वाटले तर त्यात नवल नाही. वायूतल्या रेणूंच्या टकरींचा असा एकेकीचा हिशेब लेसरच्या प्रकाशात कसा मांडला गेला, त्याविषयी हे पुस्तक आहे.

महाविद्यालयात आम्ही अभिक्रियेचा वेग शिकवतो तो स्वान्ते आऱ्हेनियस यांच्या १८८९ च्या सूत्रापासून. तापमान वाढवा, वेग वाढतो. आलेखावर सरळ रेघ येते. रेघेच्या उतारावरून सक्रियण ऊर्जा काढा. हे सूत्र खरे आहे, उपयोगाचे आहे आणि परीक्षेत हमखास येते. पण त्यातला वेगस्थिरांक ही सरासरी आहे. हळू आलेले रेणू, वेगाने आलेले रेणू, समोरासमोर धडकलेले, नुसते घासून गेलेले, कंप पावणारे, स्थिर असलेले, या सगळ्यांचे मिळून एक उत्तर. गावाच्या सरासरी उत्पन्नावरून एकाही घराची चूल कशी पेटते ते कळत नाही, तसेच हे. ज्यांना औषध बनवायचे आहे किंवा भट्टी चालवायची आहे, त्यांना सरासरी पुरते. ज्यांना बंध तुटतो म्हणजे नेमके काय होते हे समजून घ्यायचे आहे, त्यांना ती पुरत नाही, आणि हे समजणे हाच रसायनशास्त्राचा गाभा आहे असे मी मानते. मराठीत विज्ञानावर लिहिणारे आपण सारे आकाशगंगांकडे आणि जनुकांकडे ओढीने वळलो. रसायनशास्त्राच्या या गाभ्याकडे आपले लक्ष फार कमी गेले, याची मला खंत आहे.

विद्यार्थी विचारतात, शरीरातली, समुद्रातली, कारखान्यातली बहुतेक रसायने द्रवात काम करतात, मग वायूचा एवढा आग्रह कशाला? प्रश्न रास्त आहे. द्रवात नवा रेणू तयार होतो न होतो तोच त्याला शेजाऱ्यांचे धक्के बसू लागतात आणि काही पिकोसेकंदांत त्याची जन्मखूण पुसली जाते. आपल्या खोलीतल्या हवेतही फार वेगळी स्थिती नाही. नायट्रोजनचा एक रेणू सेकंदाला सुमारे सात अब्ज टकरा खातो आणि दोन टकरींमध्ये जेमतेम ७० नॅनोमीटर जातो. दाब दहा हजार पटींनी कमी केला की दोन टकरींमधला वेळ साधारण एका मायक्रोसेकंदावर येतो. एवढ्या अवधीत लेसरने एक स्पंद सोडून अभिक्रिया सुरू करता येते, दुसरा सोडून तिचे फळ पाहता येते, आणि मधल्या काळात त्या फळाला कुणाचा स्पर्शही झालेला नसतो. प्रयोगशाळेत अशा रेणूंना नवजात म्हणतात. ते सापडतात वायूतच, म्हणून वायू.

या शास्त्राची मुळे मात्र लेसरच्या बरीच आधीची आहेत. १९३१ मध्ये हेन्री आयरिंग आणि मायकेल पोलान्यी यांनी बर्लिनमध्ये हायड्रोजनचा अणू आणि हायड्रोजनचा रेणू यांच्या टकरीसाठी स्थितिज ऊर्जेचा एक नकाशा काढला. अणूंमधली अंतरे बदलत जातात तशी ऊर्जा कशी चढते-उतरते, हे दाखवणारा पृष्ठभाग. एक दरी अभिकारकांची, दुसरी उत्पादितांची, मध्ये खिंड. अभिक्रिया म्हणजे त्या पृष्ठभागावरचा प्रवास, ही कल्पना तिथून रुजली. मायकेल यांचे चिरंजीव जॉन पोलान्यी यांनी पुढे कॅनडात वडिलांचाच धागा हाती घेतला. हायड्रोजनचा अणू क्लोरीनच्या रेणूवर आदळला की तयार होणारे हायड्रोजन क्लोराइड कंप पावत असते आणि स्वतःहून मंद अवरक्त प्रकाश सोडते. तो प्रकाश पकडून कोणत्या कंपनपातळीवर किती रेणू आहेत हे त्यांनी मोजले. फ्लोरीन आणि हायड्रोजनच्या अभिक्रियेत त्यांना दिसले की तयार होणाऱ्या हायड्रोजन फ्लोराइडची सर्वाधिक गर्दी दुसऱ्या कंपनपातळीवर असते. पहिलीवर कमी, तिसरीवरही कमी. तापलेल्या वायूत असे कधीच होत नाही, तिथे खालच्या पातळीवर नेहमी जास्त गर्दी. म्हणजे मोकळी झालेली ऊर्जा आधी कंपनात जाते, उष्णता ती नंतर होते. खिंड प्रवासाच्या सुरुवातीला आहे की शेवटी, यावर रेणूच्या वेगाचा उपयोग जास्त की कंपनाचा हे ठरते, हा त्यांचा नियम आजही प्रत्येक विद्यार्थी शिकतो.

खालच्यापेक्षा वरच्या पातळीवर जास्त रेणू, हीच तर लेसरची पूर्वअट. त्यामुळे १९६५ मध्ये बर्कलीला कॅस्पर आणि पिमेंटेल यांनी हायड्रोजन-क्लोरीनच्या स्फोटातूनच लेसर काढला. थिओडोर मेमन यांच्या माणकाच्या लेसरला तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती. अभिक्रियेने लेसर दिला तो असा. लेसरने अभिक्रियेचे ऋण फेडले ते त्यानंतर.

त्याच काळात डडली हर्शबाख आणि युआन ली रेणूंचे दोन झोत निर्वातात एकमेकांवर आडवे सोडून उत्पादिते कोणत्या दिशेला, किती वेगाने उडतात ते मोजत होते. १९८६ चे नोबेल पारितोषिक या दोघांना आणि जॉन पोलान्यींना मिळून मिळाले. दोन्ही पद्धती थोर, पण दोन्हींना मर्यादा होत्या. कंपनाच्या तळाशी असलेला रेणू अवरक्त प्रकाश सोडत नाही, म्हणून तो पोलान्यींना दिसत नसे. झोतांच्या प्रयोगात दिशा आणि वेग नेमके कळत, पण रेणू आत कुठल्या पातळीवर फिरतो-कंपतो याचा बहुधा अंदाजच करावा लागे. पातळीपातळीने मोजणारे, आणि मोजण्यासाठी रेणूच्या मर्जीवर अवलंबून न राहणारे काहीतरी हवे होते. तरंगलांबी हवी तशी फिरवता येणारा डाय लेसर आला आणि ते मिळाले. १९७२ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात रिचर्ड झेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेरियम आणि ऑक्सिजनच्या टकरीतून निघणाऱ्या बेरियम ऑक्साइडवर असा लेसर रोखला आणि त्याच्या कंपनाच्या व परिवलनाच्या पातळ्या वाचल्या. पद्धतीचे नाव लेसर-प्रेरित अनुस्फुरण. प्रयोगशाळेत एवढे लांब नाव कुणी घेत नाही, सगळे एलआयएफ म्हणतात.

हा प्रयोग जवळून पाहण्यासारखा आहे. टेबलावर मावेल एवढा पोलादी निर्वात कक्ष असतो. पंप अखंड चालू, आत ज्या रेणूचा अभ्यास करायचा त्याची वाफ सावकाश वाहते आहे. पहिल्या लेसरचा पाच-दहा नॅनोसेकंदांचा अतिनील स्पंद येतो आणि काही रेणू फोडतो. त्यांतून ओएच सुटतात. ५० नॅनोसेकंद थांबून दुसरा स्पंद येतो, तो डाय लेसरचा. रोडामाइनच्या नारिंगी द्रावणावर एनडी-याग लेसरचा हिरवा प्रकाश टाकला की त्यातून ५६४ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश निघतो. स्फटिकातून नेऊन त्याची वारंवारता दुप्पट केली की तरंगलांबी २८२ नॅनोमीटर होते, आणि ती ओएचला नेमकी चालते. ओएच हा प्रकाश शोषून वर जातो आणि मायक्रोसेकंदभरात ३०८ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश सोडून खाली येतो. टाकलेला प्रकाश आणि आलेला प्रकाश वेगळे असल्यामुळे मध्ये योग्य फिल्टर ठेवला की लेसरचा विखुरलेला उजेड अडतो आणि ओएचचा तेवढा फोटोमल्टिप्लायरपर्यंत पोहोचतो. ऑसिलोस्कोपवर एकदम चढणारी आणि मग हळू उतरत जाणारी रेघ दिसते. ती एका पातळीवरच्या ओएचची.

मग डाय लेसरचे ग्रेटिंग कणाकणाने फिरवायचे. कागदावर एकेक रेषा उगवू लागते: कुठे दोन रेषा चिकटून, कुठे मोकळी जागा, पुन्हा दाटी. प्रत्येक रेषा एका ठरावीक परिवलनपातळीची. रेषेची उंची म्हणजे थेट रेणूंची संख्या नव्हे, कारण प्रत्येक रेषेची स्वतःची ताकद वेगळी असते. त्या ताकदीने भागून मगच संख्या मिळते. लेसरचा जोर फार ठेवला तर सगळ्याच रेषा माथ्याशी चेपल्या जातात आणि हिशेब बिघडतो, म्हणून जाणते प्रयोगकर्ते लेसरचा प्रकाश मुद्दाम मंद करून घेतात. चांगला संकेत दिसत असताना प्रकाश कमी करणे नवशिक्यांच्या जिवावर येते. माझ्या मते या विषयातली पहिली शिस्त तीच. रेषेच्या उंचीप्रमाणे तिची रुंदीही बोलते. वेगाने उडणाऱ्या ओएचची रेषा डॉप्लर परिणामामुळे रुंदावते, म्हणजे त्याच मोजणीतून वेगही हाती येतो.

आणि अजून एक. ओएचमध्ये एक इलेक्ट्रॉन जोडीविना असतो. तो ज्या कक्षकात असतो तो कक्षक रेणू ज्या प्रतलात फिरतो त्या प्रतलात आहे की त्याला काटकोनात, यावरून प्रत्येक परिवलनपातळीचे अगदी जवळजवळचे दोन भाग पडतात. दोघांच्या रेषा वेगळ्या. गॉटिंगेनमध्ये आंड्रेसेन आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात १५७ नॅनोमीटरच्या लेसरने पाण्याचा रेणू फोडला, तेव्हा या दोन भागांतल्या एकाला ठळक पसंती दिसली. पाण्याचा रेणू फुटताना सपाटच राहतो, हे त्या पसंतीने सांगितले. अंतराळातल्या काही ओएच मेसरांना, म्हणजे लेसरसारख्याच पण सूक्ष्मतरंग सोडणाऱ्या नैसर्गिक स्रोतांना, ऊर्जा कोण पुरवतो, या खगोलशास्त्रज्ञांच्या प्रश्नाशीही तिचा संबंध जोडला गेला. वर्णपटातल्या दोन रेषांच्या उंचीतल्या फरकावरून रेणूच्या फुटण्याची भूमिती कळावी, हे मला आजही थक्क करते.

१९८७ मध्ये या शास्त्राला डोळे मिळाले. डेव्हिड चँडलर आणि पॉल ह्यूस्टन यांनी मिथिल आयोडाइड लेसरने फोडले, दुसऱ्या लेसरने एका ठरावीक पातळीवरचे तुकडे तेवढे आयनित केले आणि ते आयन एका पडद्यावर पाडून कॅमेऱ्याने टिपले. वेगवान तुकडे केंद्रापासून दूर पडतात, मंद जवळ. म्हणजे चित्रातले प्रत्येक कडे एका वेगाचे. १९९७ मध्ये नेदरलँड्समधल्या नायमेखन इथे एपिंक आणि पार्कर यांनी आयनांच्या वाटेतल्या जाळ्या काढून टाकल्या आणि त्यांच्या जागी मोकळ्या भोकांची इलेक्ट्रोडे बसवली. बदल साधा होता. त्याने अस्पष्ट कडी रेखीव झाली आणि पद्धत जगभर पसरली.

या चित्रांतून निघालेली मला सर्वांत प्रिय गोष्ट फॉर्माल्डिहाइडची आहे. कार्बन, ऑक्सिजन आणि दोन हायड्रोजन, असा हा चार अणूंचा रेणू. अतिनील प्रकाशाने तो दोन रीतींनी फुटतो: एक हायड्रोजन अणू सुटतो, किंवा दोन्ही हायड्रोजन एकमेकांना धरून हायड्रोजनचा रेणू बाहेर पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड उरतो. दुसऱ्या रीतीची वाट सर्वांना ठाऊक होती. ठरलेली खिंड, खिंडीत चारही अणू घट्ट दाटीत, तिथून उतरताना हायड्रोजन जोराने निसटतो आणि त्या झटक्याने कार्बन मोनॉक्साइड गरगर फिरू लागतो. पण १९९३ साली ब्रॅडली मूर यांच्या गटाला काही कार्बन मोनॉक्साइड अगदी हळू फिरताना दिसले. प्रकाशाची ऊर्जा हायड्रोजनचा अणू सुटण्याइतकी झाली की मगच ते दिसत. आधीच्या नकाशात त्यांना जागा नव्हती.

२००४ मध्ये आर्थर सूट्स यांच्या गटाने पातळीपातळीने चित्रे घेतली. ४० व्या परिवलनपातळीच्या आसपासच्या कार्बन मोनॉक्साइडचे कडे मोठे आले, म्हणजे जोडीदार हायड्रोजन वेगाने गेलेला. १५ व्या पातळीच्या आसपास मोठे कडे फिके पडून आत एक लहान, दाट कडे आले. हायड्रोजन सावकाश निघालेला, त्याची ऊर्जा प्रचंड कंपनात अडकलेली. जोएल बोमन आणि सहकाऱ्यांनी संगणकावर हजारो प्रवास सोडून पाहिले, तेव्हा उलगडा झाला. एक हायड्रोजन अणू जवळजवळ सुटतो, पण पुरता सुटण्याइतकी ऊर्जा त्याच्याकडे उरत नाही. तो उरलेल्या तीन अणूंभोवती दूरवर घुटमळतो, आणि फिरता फिरता दुसऱ्या हायड्रोजनजवळ आला की त्याला ओढून घेऊन निघून जातो. तो खिंडीकडे फिरकतही नाही. १९३५ पासून संक्रमण अवस्थेचा सिद्धान्त सांगत आला की अभिक्रियेची वाट खिंडीतून जाते. तो खोटा ठरला नाही, पण खिंड टाळूनही पलीकडे जाता येते हे पहिल्यांदा डोळ्यांनी दिसले. पुढे ॲसिटाल्डिहाइडसारख्या इतर रेणूंतही असे घुटमळणे सापडले. फॉर्माल्डिहाइड हवेत असतो आणि त्याच्या दोन वाटांपैकी एक हवेत मूलके सोडते, दुसरी सोडत नाही. म्हणून हा प्रश्न केवळ कुतूहलाचाही नाही. या प्रकरणाला मी पुस्तकात सर्वांत जास्त पाने दिली आहेत आणि त्याबद्दल मला कसलाही संकोच वाटत नाही.

अहमद झेवेल यांचे नाव वाचकांना बहुधा आधीपासून माहीत असेल. इजिप्तमध्ये जन्मलेले झेवेल कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत काम करत होते आणि १९९९ चे नोबेल त्यांना मिळाले. एका सेकंदाचे दहा लाख भाग केले आणि त्यातल्या एकाचे पुन्हा शंभर कोटी, की होतो एक फेमटोसेकंद. आयोडीन सायनाइडचा बंध सुमारे २०० फेमटोसेकंदांत तुटतो, हे त्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस दाखवले. सोडियम आयोडाइडचे दोन अणू सुमारे सव्वा पिकोसेकंदाला एक अशा फेऱ्या मारत जवळ येतात, दूर जातात, आणि दर फेरीला साधारण दहावा हिस्सा सुटून जातो, हेही. हे काम थोर आहेच. पण त्याच्या प्रसिद्धीत एक गोष्ट झाकली जाते. स्पंद जितका आखूड, तितका त्याचा रंग पसरट. हा निसर्गनियम आहे, यंत्राचा दोष नाही. १०० फेमटोसेकंदांचा स्पंद एवढा पसरलेला असतो की ओएचच्या शेजारशेजारच्या पातळ्या त्याला वेगळ्या दिसत नाहीत. 'केव्हा' नेमके विचारले की 'कोणती पातळी' अंधूक होते. म्हणून नॅनोसेकंदांचे संथ लेसर मागे पडले नाहीत आणि पडणारही नाहीत.

१९७० च्या दशकात अनेकांना वाटले होते की लेसरने रेणूतला हवा तो बंध हेरून तोडता येईल. ही आशा बहुतेक ठिकाणी फोल ठरली. मोठ्या रेणूत एका बंधाला दिलेली ऊर्जा काही पिकोसेकंदांत सगळ्या रेणूभर पांगते आणि शेवटी जो कमजोर तोच तुटतो. लहान रेणूत मात्र वेगळे घडले. एक हायड्रोजन साधा आणि एक जड असलेले पाणी, म्हणजे एचओडी, घेऊन मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात फ्लेमिंग क्रिम यांनी १९९० मध्ये लेसरने त्यातला ओएच बंध चौथ्या कंपनपातळीपर्यंत ताणला आणि त्यावर हायड्रोजनचे अणू सोडले. अणूने ताणलेल्या बाजूचा हायड्रोजन उचलला, आणि मागे ओडी उरण्याचे प्रमाण ओएच उरण्याच्या निदान शंभर पट भरले. दुसरा बंध त्याच रेणूत, हाताच्या अंतरावर, तरी शाबूत. पुढच्याच वर्षी झेअर यांच्या गटाने एकच पायरी ताणूनही अशीच निवड साधली.

आता हे शास्त्र थंडीच्या टोकाला पोहोचले आहे. कोलोरॅडोतल्या बोल्डर इथे जून ये आणि डेबोरा जिन यांच्या गटाने २०१० मध्ये पोटॅशियम-रुबिडियमचे रेणू निरपेक्ष शून्याच्या वर केवळ काहीशे अब्जांश केल्व्हिनवर एकमेकांशी अभिक्रिया करताना पाहिले. इतक्या थंडीत टक्कर हा शब्दही अपुरा पडतो, रेणू लाटांसारखे वागतात. सगळे रेणू हुबेहूब एकाच अवस्थेत असले तर क्वांटम नियम त्यांना जवळ येऊ देत नाहीत. अर्ध्यांच्या अणुकेंद्राची अवस्था बदलली की वेग दहा ते शंभर पटींनी वाढतो. हार्वर्डमध्ये कांग-कुएन नी यांच्या गटाने २०१९ मध्ये या अभिक्रियेतला मधला चार अणूंचा समूहच पकडला आणि २०२१ मध्ये उत्पादितांच्या पातळ्यांच्या ५७ जोड्या एकेक करून मोजल्या. बऱ्याचशा जोड्या सांख्यिकीच्या अपेक्षेप्रमाणे निघाल्या, काही निघाल्या नाहीत. त्या का निघाल्या नाहीत, यावर लिहिण्यासारखे पुष्कळ आहे.

आपल्याकडेही हे काम झाले आहे आणि त्याची ओळख मराठी विद्यार्थ्याला असायला हवी. मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात सेंद्रिय रेणू अतिनील लेसरने फोडून त्यांतून सुटणारे ओएच एलआयएफने मोजण्याचे काम अनेक वर्षे चालले. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत निर्वातात फुसांडणाऱ्या अतिशीत झोतांत रेणूंच्या दुबळ्या जोड्या बांधून त्यांचे वर्णपट घेतले गेले. कानपूरच्या आयआयटीत एन. सत्यमूर्ती यांनी हेलियम आणि हायड्रोजनच्या आयनाच्या टकरीची गणिते केली, ती या विषयात जगभर वाचली जातात. मुंबईतून भौतिक रसायनशास्त्रात एमएस्सी करणाऱ्या मुलीला किंवा मुलाला यातल्या दोन प्रयोगशाळा लोकलच्या प्रवासाएवढ्या जवळ आहेत, पण त्या तिथे आहेत हे त्यांना बहुधा कुणी सांगत नाही.

पुस्तक कसे वाचावे याविषयी थोडे. पहिली दोन प्रकरणे बारावीच्या रसायनशास्त्रावर वाचता येतील. तिसऱ्यात रेणूंच्या पातळ्या आणि वर्णपटाच्या रेषा आहेत. तिथे पेन्सिल हातात घेऊन बसावे, कारण पुढचे सारे त्या रेषांवर उभे आहे. स्थितिज ऊर्जेच्या पृष्ठभागांचे पाचवे प्रकरण गणिताची सवय नसलेल्यांना जड जाईल. त्यांनी त्यातली समोच्च रेषांची चित्रे तेवढी नीट पाहावीत आणि सरळ फॉर्माल्डिहाइडच्या सहाव्या प्रकरणावर जावे. तिथून पाचव्यात परत आले तर समीकरणे बरीच सोपी वाटतील. लेसरच्या यंत्ररचनेची माहिती मी शेवटी ठेवली आहे. ज्यांना प्रयोगशाळेत उभे राहायचे आहे त्यांनी ती आधी वाचावी, आणि त्यातला डोळ्यांच्या सुरक्षेचा भाग दोनदा.